फाटक नेमके कुठे आहे?

रेल्वेचे फाटक ही मोठी चमत्कारिक जागा आहे. ती रेल्वेची असते आणि रस्त्याचीही असते. म्हणजे व्यवहारात बरेचदा ती कोणाचीच नसते. रेल्वेच्या दप्तरी तिला गेट क्रमांक असतो आणि अमुक किलोमीटर, तमुक खांब असा तिचा पत्ता असतो. रस्ते बांधणाऱ्या खात्याच्या कागदांत तीच जागा रस्त्याच्या नावाने आणि त्याच्या साखळीने ओळखली जाते. गावकरी या दोन्ही पत्त्यांना ओळखत नाहीत. त्यांच्या दृष्टीने ते वडाजवळचे फाटक असते किंवा कारखान्याकडचे. एकाच जागेचे तीन पत्ते, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर. अडचण येते ती चौथ्या माणसाची. तो परगावाहून आलेला असतो, अंधारात गाडी हाकत असतो आणि यांपैकी एकही पत्ता त्याला ठाऊक नसतो. त्याच्यापुढे असतो तो फक्त फोनच्या काचेवरचा नकाशा.

अशा एका माणसाची हकीकत अमेरिकेच्या सरकारी अहवालांत नोंदलेली आहे. कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्ड या गावी २४ फेब्रुवारी २०१५ रोजी, उजाडण्यापूर्वी, एक चालक मागे ट्रेलर जोडलेला छोटा ट्रक घेऊन चालला होता. लांबचा प्रवास झालेला, भाग अनोळखी. फोनमधल्या वाटाड्याने त्याला उजवीकडे वळायला सांगितले. वळायचे होते ते रस्त्यावर. पण त्या रस्त्याला अगदी खेटून, त्याच्या आधी, समांतर जाणारा लोहमार्ग होता. फाटक उघडे होते. चालक वळला तो थेट रुळांवर. सुमारे ऐंशी फूट गेल्यावर ट्रक रुतला आणि तो उतरून चालता झाला. थोड्याच वेळात लॉस एंजलिसकडे निघालेली प्रवासी गाडी त्या ट्रकवर आदळली. डबे घसरले, कितीतरी माणसे जखमी झाली आणि गाडीचा चालक काही दिवसांनी इस्पितळात वारला.

तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. दोष मुख्यतः त्या दमलेल्या, गोंधळलेल्या माणसाचाच ठरला. पण मंडळ तिथेच थांबले नाही. त्याने असे विचारले, की वाटाड्याला प्रत्येक वळण ठाऊक आहे, वाटेतले पेट्रोलपंप आणि खाणावळी ठाऊक आहेत, मग पुढे रूळ आहेत हे त्याला का ठाऊक नसावे? फाटकांची माहिती नव्हती असे नव्हे. तिथल्या संघीय रेल्वे प्रशासनाकडे दोन लाखांहून अधिक फाटकांची यादी होती, प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक होता, अक्षांश-रेखांश होते. फक्त ही यादी जिथे होती तिथे चालक पाहत नव्हता, आणि चालक जिथे पाहत होता तिथे ती यादी नव्हती. सरकारी माहितीच्या बाबतीत हे वाक्य जगात कुठेही खपावे.

डिसेंबर २०१६ मध्ये मंडळाने नकाशे आणि वाहतुकीची माहिती पुरवणाऱ्या डझनभराहून अधिक मंडळींना लेखी शिफारस केली, की ही फाटके तुमच्या नकाशांत घ्या आणि चालकाला आधी सावध करा. गूगल, ॲपल, मायक्रोसॉफ्ट, गार्मिन, टॉमटॉम अशी एकाहून एक धनाढ्य नावे त्या यादीत आहेत. आणि त्यांच्याच पंगतीला बसवलेले आणखी एक नाव आहे, ओपनस्ट्रीटमॅप यू.एस. हे नाव वाचून मी थबकलो. कारण बाकीच्या बऱ्याच नावांमागे कारखाने आहेत, कार्यालये आहेत, पगारपत्रके आहेत. या नावामागे आहेत हौसेने नकाशा काढणारी माणसे. सरकारने पत्र लिहून जबाबदारीची आठवण करून द्यावी, आणि ज्याला पत्र लिहिले तो बिनपगारी असावा, असा प्रसंग फारसा ऐकिवात नाही.

ओपनस्ट्रीटमॅप हा उपक्रम २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट या तरुणाने सुरू केला. सरकारी खर्चाने झालेले तिथले नकाशे जनतेला मात्र दाम मोजून आणि अटी पाळून घ्यावे लागत. तेव्हा आपण सगळे मिळून आपला नकाशा काढू, अशी ती साधी, काहीशी चक्रम वाटणारी कल्पना. आज एक कोटीहून अधिक लोकांनी तिथे नाव नोंदवले आहे. नोंदवलेले सगळे काम करतात असे समजण्याचे कारण नाही; कोणत्याही सार्वजनिक मंडळाचा अनुभव इथेही लागू आहे. पण जे करतात त्यांचे काम पाहण्यासारखे आहे, आणि रेल्वे फाटकांचे काम तर खासच.

नकाशावर रस्ता ही एक रेघ आणि लोहमार्ग ही दुसरी. दोन रेघा एकमेकींना छेदतात तेव्हा माणसाच्या डोळ्याला फुली दिसते. यंत्राला मात्र सांगावे लागते, की ही फुली म्हणजे काय. दोन्ही रेघांत एक सामाईक ठिपका घातला आणि त्या ठिपक्याला ‘फाटक’ असे नाव दिले, तर रस्ता आणि रूळ एकाच पातळीवर भेटतात असा अर्थ होतो. ठिपका नसेल आणि एका रेघेवर ‘पूल’ किंवा ‘बोगदा’ अशी खूण असेल, तर एक वरून जाते आणि दुसरी खालून. पण ठिपकाही नाही आणि पुलाची खूणही नाही, अशा हजारो फुल्या नकाशात असतात. कोणी रस्ता एका वर्षी काढलेला, लोहमार्ग दुसऱ्याने दुसऱ्या वर्षी, आणि दोघांची गाठ कधी पडलेलीच नाही. संगणक अशा फुल्या शोधून काढतो आणि स्वयंसेवकांपुढे एकेक करून ठेवतो. ही बघ, इथे काय आहे ते सांग. सांगितले की पुढची. जपमाळ ओढावी तसे हे काम चालते. तिकडच्या सरकारी यादीशी नकाशा ताडून पाहण्याचे कामही असेच होते; यादीतला ठिपका कधी रुळांपासून दूर शेतात पडलेला असतो, कधी यादीतले फाटक जाऊन तिथे पूल झालेला असतो. म्हणजे सरकारी यादी आहे म्हणून काम संपले असेही नाही.

उपग्रहाचे छायाचित्र हाताशी असते, मग यात अवघड ते काय, असे कोणाला वाटेल. छायाचित्र आकाशातून, सरळ खाली पाहून घेतलेले असते. वरून पाहिले तर फाटक आणि पूल पुष्कळदा सारखेच दिसतात. मग ही मंडळी सावल्या पाहतात. पुलाची सावली रुळांच्या बाजूला पडते. फाटकाला तशी सावली नसते. उभ्या केलेल्या दांडीची बारीक सावली सापडली तर दांडी आहे. फाटकापाशी रस्त्यावर पांढरा पट्टा असतो, वाहने थबकलेली असतात. गुप्तहेराच्या कथेत शोभावे असे हे निरीक्षण आहे. आणि तरीही शेवटी काही गोष्टी जमिनीवर उभे राहिल्याशिवाय कळत नाहीत. दांडी अर्धा रस्ता अडवते की पूर्ण? घंटा वाजते का? दिवा लागतो का? माणूस असतो का? यासाठी फोनवर चालणारी साधी सोय झाली आहे. पादचारी फाटकाजवळून जात असला, की त्याला चित्रे दाखवून विचारले जाते, इथला अडसर यांपैकी कोणता? त्याने बोट ठेवले की उत्तर नकाशात जाते. नकाशाशास्त्राचा गंध नसलेल्या गृहिणीलाही हे जमावे.

असल्या बारकाव्यांना काय किंमत, याचे उत्तर मिसिसिपी राज्यातल्या बिलॉक्सी गावात ७ मार्च २०१७ रोजी मिळाले. टेक्सासहून सहलीला आलेली, लांबलचक, पोटाने जमिनीशी सलगी करणारी एक बस तिथल्या फाटकावर अडकली. कारण तिथे रूळ उंचावर होते आणि रस्ता दोन्ही बाजूंनी चढून उंटाच्या पाठीसारखा झाला होता. बसचे पोट टेकले, चाके निकामी झाली, मालगाडी आली. चार माणसे गेली. ते फाटक नकाशावर असणे पुरेसे नव्हते. ‘उंचवट्याचे फाटक’ हे दोन शब्द त्या बसचालकाला आधी कळायला हवे होते.

कोणीही उठून नकाशात काहीही लिहील, त्यावर विश्वास कसा ठेवायचा, हा आक्षेप सुशिक्षित माणसे हमखास घेतात. मी आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेत काढली, त्यामुळे मला हा आक्षेप वेगळ्या तऱ्हेने दिसतो. बँकेत चुकीची नोंद होत नाही असे नाही. खरा प्रश्न असा, की नोंद कोणी केली, कधी केली आणि आधी तिथे काय होते, हे सापडते का? लेजरमध्ये खाडाखोड चालत नसे. चूक एका रेघेने कापायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि खाली आद्याक्षरे करायची, म्हणजे जुना आकडाही वाचता येतो. या नकाशात प्रत्येक ठिपक्याचा असा इतिहास राखलेला असतो. कोणी घातला, कोणी हलवला, कोणी पुसला, सारे तारखेनिशी. फाटकाचा पूल झाला तर तोही बदल दिसतो. मोठ्या कंपन्यांच्या बंद नकाशात चूक सापडली, तर तक्रार करायची आणि वाट पाहायची, इतकेच आपल्या हाती राहते.

खटकते ते वेगळेच. या फुकटच्या श्रमावर श्रीमंतांचे नकाशेही चालतात. ॲपल, मेटा, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन या साऱ्यांनी ही माहिती आपापल्या कामांत वापरली आहे. परवान्याप्रमाणे ते रीतसर आहे, श्रेय दिले की झाले. शिवाय त्यांच्यापैकी काहींनी पगारी माणसे लावून नकाशात भरही घातली आहे. पण जिथे गिऱ्हाईक दाट तिथे भर दाट, हा बाजाराचा नियम त्यांनाही सुटलेला नाही. आडरानातल्या फाटकावर ठिपका ठेवायला बाजार जात नाही. तिथे जातो तो जवळच्या गावचा शिक्षक, नाहीतर सुट्टीत घरी आलेला विद्यार्थी.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडच्या फाटकांनी घेतलेले बळी आठवायला फार मागे जायला नको. ३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूरजवळ कन्हान भागात बिनपहाऱ्याच्या फाटकावर वऱ्हाडाने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली रेल्वेखाली सापडली. पन्नासहून अधिक माणसे गेली. २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशात कुशीनगरला शाळेची गाडी अशाच फाटकावर सापडून तेरा मुले मृत्युमुखी पडली. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१२ सालीच सांगितले होते, की पाच वर्षांत सारी फाटके, पहाऱ्याची आणि बिनपहाऱ्याची, काढून टाका. सुमारे पन्नास हजार कोटी रुपये लागतील. सारी काही गेली नाहीत. पण ब्रॉडगेज मार्गांवरची बिनपहाऱ्याची फाटके जानेवारी २०१९ अखेर संपवण्यात आली, आणि हे रेल्वेचे मोठे काम आहे, त्याला मनापासून दाद द्यायला हवी. मोटार वाहन कायद्याच्या १३१व्या कलमात, बिनपहाऱ्याच्या फाटकापाशी गाडी थांबवून क्लीनरने पुढे चालत जाऊन दोन्ही बाजू पाहाव्यात, आणि क्लीनर नसेल तर चालकाने स्वतः उतरावे, असे लिहिलेले आहे. किती जण उतरले असतील, ते कलम लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

मात्र फाटके ‘संपवली’ म्हणजे काय केले, हे पाहिले की नकाशाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. काही फाटके सरळ बंद केली. काहींचा रस्ता वळवून शेजारच्या फाटकाला जोडला. काहींवर गेटमन नेमला. आणि पुष्कळ ठिकाणी रुळांखालून छोटा भुयारी मार्ग काढला. एकाच शब्दाने सांगितलेल्या या चार गोष्टींचे नकाशावर चार वेगळे अर्थ होतात. पहिल्यात रस्ताच तुटला. दुसऱ्यात वाट लांबली. तिसऱ्यात फाटक राहिले, त्याचे रूप बदलले. चौथ्यात ठिपका काढून रस्त्याची रेघ रुळांखाली घालावी लागते, आणि तेवढ्याने भागत नाही. काही हजार जागी हे थोड्या वर्षांत घडले. जुना नकाशा ज्याच्या फोनमध्ये राहिला, त्याला नसलेल्या फाटकाकडे पाठवले जाते. रुग्णवाहिकेने बंद केलेल्या फाटकापर्यंत जाऊन माघारी फिरायचे, म्हणजे किती मिनिटे गेली याचा हिशेब रुग्णाच्या नातेवाइकांना विचारावा.

भुयारी मार्गाची कथा तर आपल्या ग्रामीण भागात घरोघरी ठाऊक आहे. त्याची उंची बेताची असते. तोंडाशी लोखंडी चौकट उभी करून ती लिहिलेली असते. मोटार जाते, जीप जाते. पण ऊसतोडणीच्या हंगामात डोंगराएवढा ऊस रचलेली ट्रॉली तिथे आली की चालक खाली उतरून वर बघतो, मागे बघतो, आणि मागे तर दुसरी ट्रॉली जोडलेली असते. भाताच्या पेंढ्याचा ट्रक, घराचे सामान हलवणारा टेंपो, यांचीही तीच गत. पावसाळ्यात याच मार्गाचे तळे होते आणि चार दिवस पलीकडचे गाव पलीकडेच राहते. ही उंची किती फूट, ही जागा पाण्यात जाते का, या दोन गोष्टी नकाशात घालण्याची सोय आहे. त्या तिथे राहणाऱ्याखेरीज कोण घालणार? उपग्रहाला चौकटीवरचा आकडा वाचता येत नाही.

एक मर्यादाही सांगायला हवी. ८ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पम येथे रेल्वेने शाळेच्या गाडीला धडक दिली आणि तीन मुले गेली. तिथे गेटमन होता. ते फाटक सिग्नलला जोडलेले नव्हते. जोडलेले असले तर दांडी पूर्ण पडून कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही. नसले तर स्टेशनमास्तर आणि गेटमन यांच्या फोनवरच्या बोलण्यावर सारी भिस्त. असा फरक रस्त्यावरून जाणाऱ्या स्वयंसेवकाला दिसत नाही आणि त्याने तो अंदाजाने लिहूही नये. नकाशा फार तर ‘पुढे रूळ आहेत’ एवढे सांगेल. दांडी वर आहे म्हणून डोळे मिटून जा, असे त्याने कधी सांगता कामा नये आणि आपण ते त्याच्या तोंडी घालू नये. तसेच माहिती गोळा करण्याच्या उत्साहात कोणी रुळांत उभे राहू नये. जे पाहायचे ते रस्त्यावरून दिसते.

फाटकाची मोजदाद करणे रेल्वेला नवीन नाही. कोणत्या फाटकावर किती वर्दळ आहे हे ठरवायला दिवसभरातल्या गाड्यांची संख्या आणि रस्त्यावरच्या वाहनांची संख्या यांचा गुणाकार करतात. त्या हिशेबात बैलगाडी एक धरली जाते आणि रिक्षा अर्धी. बैलांचा हा मान मला फार आवडला. म्हणजे कोणीतरी रेल्वेचा माणूस फाटकाशी बसून दिवसभर बैलगाड्या मोजतो आणि कागद वर पाठवतो. ही नोंद ठेवण्याची शिस्त आपल्याकडे जुनी आहे. अपुरे पडते ते नोंद बाहेर येणे.

पूर्वी नकाशा काढणे हे आपल्याकडे परवानग्यांच्या जंजाळातले काम होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नियम सैल केले आणि भारतीय व्यक्तींना व संस्थांना अशी माहिती गोळा करायला आणि प्रसिद्ध करायला आगाऊ परवानगीची गरज उरली नाही. तेव्हा आता सबब नाही, आपल्यालाही नाही आणि खात्यांनाही नाही. भूगोलाच्या तासाला मुलांना स्वित्झर्लंडच्या खिंडी पाठ करायला लावण्यापेक्षा तालुक्यातल्या फाटकांची आणि भुयारी मार्गांची पाहणी करायला लावावी, शिक्षक बरोबर घेऊन. रूळ कुठे ओलांडायचे आणि कुठे नाही, हे त्या पाहणीत आपोआप डोक्यात बसेल.

रेल्वेकडून मागायचे ते अगदी थोडे आहे. फाटक दुरुस्तीसाठी अमुक दिवस बंद राहील, पर्यायी मार्ग तमुक, अशा सूचना वर्तमानपत्रांत छोट्या चौकटीत छापून येतात. त्यात गेट क्रमांक असतो, दोन स्टेशनांची नावे असतात आणि ‘किलोमीटर इतके, खांब इतका ते इतका’ असे लिहिलेले असते. तो खांब फक्त रेल्वेच्या माणसाला दिसतो. त्याच चौकटीत अक्षांश-रेखांशाची एक ओळ घालावी. फाटक कायमचे बंद होणार असेल, पूल किंवा भुयार खुले होणार असेल, तर त्याच दिवशी ती ओळ सर्वांना वापरता येईल अशा स्वरूपात खुली करावी, आणि भुयार असेल तर उंचीचा आकडाही. छपाईचा खर्च एका ओळीचा. त्या ओळीची वाट पाहणारी माणसे आपापल्या घरी संगणकापुढे बसलेलीच आहेत, आणि ती पगार मागत नाहीत.